जपानमधल्या कोरियनांचे ताट

जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या कोरियन वंशाच्या लोकांना 'झाइनिची' म्हणतात. 1910 ते 1945 या काळात कोरिया ही जपानची वसाहत होती. त्या पस्तीस वर्षांत पोटासाठी आलेल्या किंवा सक्तीने आणलेल्या मजुरांची ही नातवंडे-पतवंडे. आज त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढ्या जपानीच बोलतात आणि बहुतेक जण चारचौघांत जपानी नावाने वावरतात. भाषा गेली, पोशाख गेला, नावे झाकली गेली. कोरियनपण टिकून राहिले ते मुख्यतः दोन ठिकाणी, पितरांच्या पूजेत आणि स्वयंपाकघरात. आणि पितरांची पूजासुद्धा शेवटी स्वयंपाकघरातूनच होते.

मात्र हे ताट कोरियातून जसेच्या तसे उचलून आणलेले नाही. जपानच्या बाजारात जे मिळाले, जे परवडले आणि जपानी शेजाऱ्यांनी जे सहन केले, त्यातून ते घडले. त्यातले काही पदार्थ पुढे जपानभर असे पसरले की आज ते जपानी म्हणूनच जगात ओळखले जातात. पदार्थ पसरले, पण ते घडवणारे लोक फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

कोरिया ताब्यात घेताच जपानी सरकारने तिथे जमिनीची मोजणी सुरू केली आणि 1918 पर्यंत ती पुरी केली. वहिवाटीने जमीन कसणाऱ्या, पण हातात कागद नसलेल्या अनेक कुटुंबांच्या पायाखालची जमीन या मोजणीत सरकली. दुसरीकडे कोरियातला तांदूळ जहाजे भरभरून जपानला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत जपानी कारखान्यांना स्वस्त मजूर हवेच होते. 1920 साली जपानमध्ये तीसेक हजार कोरियन होते; 1938 पर्यंत हा आकडा 8 लाखांच्या घरात गेला. सर्वांत मोठी वस्ती ओसाका परिसरात झाली. 1930 च्या दशकाच्या मध्याला तिथे दोन लाखांवर कोरियन राहत होते. कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू बेटावरून ओसाकाला थेट बोट होती. 'किमिगायो मारू' हे त्या मार्गावरचे गाजलेले जहाज. याच सुमारास जेजूच्या लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा जपानमध्ये पोहोचला होता. कोरियाच्या मुख्य भूमीवरून आलेल्यांतही बहुसंख्य दक्षिणेकडच्या ग्योंगसांग आणि जोल्ला प्रांतांतले गरीब शेतकरी होते.

जपानने 'कोरियन जेवण' म्हणून जे ओळखले ते या लोकांचे जेवण. सोलच्या दरबारी थाटाशी किंवा उत्तरेकडच्या श्रीमंत घरांशी त्याचा संबंध कमी. पिठाच्या घोळात पातीचा कांदा किंवा मासळी घालून तव्यावर काढलेल्या धिरड्याला सोलमध्ये 'जॉन' किंवा 'बुचिमगे' म्हणतात. जपानी लोक त्याला 'चिजिमी' म्हणतात, कारण ओसाकातल्या ग्योंगसांगच्या बायका तसे म्हणत होत्या. सोलहून जपानला आलेल्या पर्यटकांना मेनूकार्डावरचा हा शब्द वाचून आजही नवल वाटते.

ओसाकातल्या वस्तीचे जुने नाव इकाइनो. हा सखल, पुरात बुडणारा भाग; तिथल्या हिरानो नदीचे पात्र सरळ करण्याच्या कामावर 1920 च्या दशकात कोरियन मजूर होते. आसपास काच, रबर आणि लोखंडी सामान बनवणारे छोटे कारखाने होते. कोरियनांना खोली भाड्याने द्यायला जपानी घरमालक सहसा तयार नसत. एका खोलीत फार जण राहतात, भाडे थकवतात आणि लसणाचा वास येतो, ही त्यांची नेहमीची कारणे. त्यामुळे ज्या गल्ल्यांत जागा मिळाली त्याच गल्ल्यांत सगळे दाटीने राहिले, आणि दाटी झाली की बाजार आपोआप उभा राहतो. इकाइनोच्या एका आतल्या गल्लीत 'चोसेन इचिबा', म्हणजे कोरियन बाजार, भरू लागला. सुकवलेला पोलॉक मासा, लाल मिरचीची पूड, मोड आलेले सोयाबीन, खारवलेला जवळा, तिळाचे तेल, डुकराचे मांस आणि घडाभर मुरवलेली किमची तिथे मिळे. विक्रेत्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. नवरा रबराच्या कारखान्यात आणि बायको फळीवर कोबी मांडून बसलेली, हे त्या गल्लीतले नेहमीचे चित्र. मिन जिन ली यांच्या 'पाचिंको' (2017) या इंग्रजी कादंबरीतल्या नायिकेची किमचीची गाडी याच इतिहासातून आलेली आहे.

सरकारला हा बाजार आवडत नव्हता. 1930 च्या दशकाच्या शेवटी जपान चीनशी युद्धात गुंतला आणि कोरियनांना 'सम्राटाची प्रजा' बनवण्याची मोहीम जोरात आली. पोलिसांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या 'क्योवाकाई' या संस्थेच्या शाखा वस्त्यावस्त्यांत निघाल्या. कोरियन बायकांना किमोनो नेसायला, जपानी रीतीने बसायला आणि जपानी स्वयंपाक करायला शिकवणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. 1940 मध्ये जपानी धर्तीची आडनावे घ्यायला लावली गेली. नाव कागदावर बदलता येते; जेवण बदलायला मात्र रोज तीन वेळा प्रत्येक घरात शिपाई उभा करावा लागला असता. शिकवणीत जे शिकले ते शिकवणीपुरतेच राहिले.

1945 च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले तेव्हा जपानमध्ये 20 लाखांच्या आसपास कोरियन होते. पुढच्या वर्ष-दीड वर्षात त्यातले 13 लाखांहून जास्त परतले. सोबत 1000 येनपेक्षा जास्त रक्कम नेऊ देत नव्हते, कोरियात अन्नटंचाई, महागाई आणि राजकीय बेबंदशाही होती, आणि अनेकांचे गावाकडे काहीच उरले नव्हते. सुमारे 6 लाख लोक जपानमध्येच राहिले. 1948 मध्ये जेजूवर उठाव झाला आणि तो चिरडताना फार मोठी कत्तल झाली. तिथून जीव वाचवून पळालेले लोक चोरट्या बोटींनी पुन्हा ओसाकालाच येऊन मिळाले.

युद्धानंतरची पहिली पाच-सात वर्षे झाइनिची जेवणाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहेत. कारखाने बंद पडले होते, परतलेल्या जपानी सैनिकांना काम हवे होते, आणि कोरियनांना नोकरीवर ठेवायला कोणी राजी नव्हते. तांदूळ आणि मांस रेशनवर होते. पण कत्तलखान्यातली आतडी, वजडी, काळीज, फुप्फुस यांना रेशनचे बंधन नव्हते आणि गिऱ्हाईकही कमी होते. कोरियन बायकांना हे भाग साफ करून शिजवण्याची कला घरातूनच माहीत होती. मीठ आणि पीठ चोळून आतडी धुवायची, पाणी पुन्हापुन्हा बदलायचे, वास जाईपर्यंत थांबायचे नाही. मग लसूण, मिरची, सोया सॉस आणि तिळाचे तेल लावून कोळशाच्या शेगडीवर टाकायची. रेल्वे स्थानकांच्या मागे काळ्या बाजाराच्या झोपड्या होत्या. तिथे ही शेगडी पेटली आणि दिवसभर राबलेले जपानी हमालही तिच्याभोवती बसू लागले.

या पदार्थाला जपानमध्ये 'होरुमोन' म्हणतात. ओसाकाच्या बोलीत 'फेकून द्यायच्या वस्तू' अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यावरून हे नाव पडले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. जपान्यांनी फेकलेले कोरियनांनी उचलले, असा तिचा रोख. गोष्ट मनाला भिडणारी आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. प्राण्यांच्या अवयवांच्या पौष्टिक पदार्थांना हे नाव युद्धाआधीच जपानी उपाहारगृहांत रुळले होते, त्यावर व्यापारचिन्हाची नोंदसुद्धा झाली होती. शिवाय जपानमध्ये अंतर्भाग खाणारे लोक आधीपासून होते. कातडी आणि कत्तलखान्याच्या कामामुळे अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या बुराकू समाजाच्या वस्त्यांत आतड्यांचे पदार्थ जुनेच होते. ओसाकाच्या परिसरात बुराकू आणि कोरियन वस्त्या अनेक ठिकाणी लागून होत्या, कत्तलखान्याच्या दारात दोघेही उभे असत. होरुमोनची घडण या दोन बहिष्कृतांच्या शेजारातून झाली असे मानणे जास्त सयुक्तिक आहे. 'फेकलेल्या वस्तू'च्या कथेत बुराकूंना जागाच उरत नाही, हा तिचा खरा दोष.

दुसरा धंदा दारूचा. भात, पाणी आणि आंबवण यांपासून बनणारी पांढुरकी दारू, म्हणजे 'माकगोल्ली', कोरियन शेतकऱ्याच्या घरात रोजची. जपानमध्ये घरगुती दारू गाळण्यावर 1899 पासून बंदी होती. टंचाईच्या दिवसांत माठात लपवून केलेल्या दारूवर कित्येक घरे चालली. दारूचा चोथा डुकरांना घालायचा, डुकरे विकून मुलांची फी भरायची, असे हे चक्र. करखात्याचे अधिकारी पोलिसांना घेऊन पहाटे छापे घालत, माठ फोडत. संघर्ष कधी रक्तपातापर्यंत गेला. 1947 मध्ये कावासाकीत अशा छाप्यानंतर एका कर-अधिकाऱ्याचा जीव गेला. 'कोरियन म्हणजे चोरटी दारू' ही प्रतिमा वर्तमानपत्रांनी उचलून धरली. ज्यांना दुसरे कामच दिले नव्हते त्यांच्या धंद्याची चर्चा गुन्हेगारी म्हणून झाली, हे सांगायला हवे.

28 एप्रिल 1952 रोजी सॅन फ्रान्सिस्को तह अमलात आला आणि जपानमधल्या कोरियनांचे जपानी नागरिकत्व एका परिपत्रकाने संपले. सरकारी नोकरी, बहुतेक पेन्शन योजना, सरकारी घरे, बँकेचे कर्ज ही दारे त्यांना बंद झाली किंवा जेमतेम किलकिली राहिली. खाजगी कंपन्याही कोरियन घेत नसत. जपानी नावाने अर्ज केलेल्या एका तरुणाची नोकरी, तो कोरियन आहे हे कळताच, एका मोठ्या कंपनीने रद्द केली. तो कोर्टात गेला आणि 1974 मध्ये जिंकला, तेव्हा कुठे हा प्रश्न देशापुढे आला. मधल्या वीस वर्षांत शिकलेल्या मुलांनासुद्धा घरच्या धंद्यावाचून मार्ग नव्हता. भंगार, पाचिंको जुगाराची दुकाने आणि मांस भाजण्याची खानावळ, हे तीन धंदे झाइनिचींचे म्हणून ठरून गेले. भांडवल नातेवाइकांकडून किंवा समाजाच्या स्वतःच्या पतसंस्थांकडून येई.

या खानावळीतूनच 'यकिनिकू' तयार झाली. ओसाकाच्या सेन्निचिमाएमधले 'शोकुदोएन' आणि टोकियोच्या शिंजुकूमधले 'मेइगेत्सुकान' ही 1946 च्या सुमारास सुरू झालेली दोन उपाहारगृहे या धंद्याच्या आरंभी नेहमी सांगितली जातात. कोरियातल्या 'बुल्गोगी' आणि 'गाल्बी' या पदार्थांत मांस आधीच मसाल्यात मुरवून भाजतात. भाजल्यावर वेगळी चटणी लागत नाही. जपानमध्ये तीन गोष्टी बदलल्या. मांसाचे एका घासाइतके पातळ तुकडे केले जाऊ लागले. भाजण्याचे काम गिऱ्हाइकाच्या टेबलावर आणि गिऱ्हाइकाच्याच हाती गेले. आणि भाजलेला तुकडा सोया सॉसच्या गोडसर, लसणाच्या रसात बुडवून खाण्याची पद्धत आली. काळ्या बाजारातल्या शेगडीवरची आतडीही त्याच जाळीवर आली. रसात बुडवण्याने चटका देणारा तुकडा थोडा निवतो, आणि कच्च्या लसणाची धार सोया सॉसमध्ये बोथट होते. जपानी जिभेला ओळखीचा सोया सॉस आणि वाफाळता भात जोडीला असल्यामुळे हे परके जेवण परके वाटेनासे झाले. बुडवण्याच्या रसाचे श्रेय शोकुदोएनला दिले जाते.

कोरियाची फाळणी या खानावळींच्या पाट्यांवरही उतरली. जपानमधल्या कोरियनांत दोन संघटना झाल्या: 1946 ची दक्षिणेच्या बाजूची 'मिंदान' आणि 1955 ची उत्तरेच्या बाजूची 'सोरेन'. जेवणाला 'चोसेन' म्हणावे तर उत्तरेचा पक्ष घेतल्यासारखे, 'कानकोकू' म्हणावे तर दक्षिणेचा. 1965 मध्ये जपान आणि दक्षिण कोरिया यांचे संबंध प्रस्थापित झाल्यावर हा वाद जास्त टोकदार झाला, आणि 'भाजलेले मांस' एवढाच अर्थ असलेले 'यकिनिकू' हे नाव सोयीचे ठरले, असे सांगतात. नाव त्याआधीही वापरात होते, तेव्हा सगळे श्रेय वादाला देता येणार नाही. पण तटस्थ नावाने धंदा वाढला आणि त्याच नावाने मूळही पुसट झाले, हे खरेच. मेनूकार्डावर मात्र 'कारुबी', 'कुप्पा', 'बिबिनबा', 'नामुरू' हे कोरियन शब्द जपानी उच्चारांत आजही ठाण मांडून आहेत.

याच वर्षांत हजारो कुटुंबे जपान सोडूनही गेली. 14 डिसेंबर 1959 रोजी निगाता बंदरातून उत्तर कोरियाला पहिली जहाजे निघाली आणि 1984 पर्यंत सुमारे 93 हजार लोक तिकडे गेले. यातले बहुतेक मुळात दक्षिणेचे होते. मागे राहिलेल्या नातेवाइकांनी पुढे कित्येक वर्षे त्यांना खोक्यांतून खाद्यपदार्थ, औषधे आणि कपडे पाठवले. ओसाकात जन्मलेल्या दिग्दर्शिका यांग योंग-ही यांच्या 'डियर प्योंगयांग' (2005) या माहितीपटात आई प्योंगयांगमधल्या मुलांसाठी अशी खोकी भरताना दिसते.

ईशान्येकडच्या मोरिओका शहराची कथा जरा वेगळी आहे, आणि ओसाकाच्या बाहेरही हे ताट कसे रुजले ते तिच्यावरून कळते. उत्तर कोरियातल्या हामहुंगहून आलेले यांग योंग-चॉल यांनी, आओकी तेरुहितो या जपानी नावाने, 1954 मध्ये तिथे 'शोकुदोएन' नावाची खानावळ काढली. (ओसाकातल्या खानावळीचेच नाव, पण दुकान वेगळे.) गावाकडच्या थंड शेवया त्यांना करायच्या होत्या. मूळ शेवया काळपट असतात, त्यात बकव्हीटचे पीठ पडते. यांग यांनी गव्हाचे पीठ आणि बटाट्याचे सत्त्व वापरले. शेवया पांढऱ्या, पारदर्शक आणि चिवट झाल्या. गोमांसाचे गार सूप, त्यावर किमची, उकडलेले अंडे आणि कलिंगडाची किंवा नाशपातीची फोड. रबर चावल्यासारखे वाटते, अशी पहिल्या गिऱ्हाइकांची तक्रार होती. त्यांनी पाककृती बदलली नाही. तरुण मंडळी हळूहळू याच चिवटपणाची चाहती झाली. यांग आपल्या पदार्थाला 'प्योंगयांग रेइमेन' म्हणत. 1980 च्या दशकात शहराने पर्यटनासाठी त्याला 'मोरिओका रेइमेन' केले आणि 2000 साली जपानच्या व्यापार-स्पर्धा आयोगाने हे नाव स्थानिक खासियत म्हणून पाकिटावर छापायला मान्यता दिली. हामहुंगच्या माणसाने प्योंगयांगच्या नावाने विकलेला पदार्थ आज जपानी शहराच्या नावाने चालतो.

बाहेर खानावळीत वास धंदा देत होता, घरात तोच वास लपवावा लागत होता. 1950 ते 1970 या दशकांत वाढलेल्या झाइनिचींच्या आठवणींत एकच प्रसंग वेगवेगळ्या रूपांत येतो: शाळेत डब्याचे झाकण उघडणे आणि सगळ्या वर्गाने नाक धरणे. 'लसणाचा वास येतो' ही कोरियन मुलांना द्यायची ठरलेली शिवी होती. अनेक घरांनी डब्यात किमची देणे बंद केले. जपानी पाहुणे येणार असले की बरणी मागच्या दारी जाई. जपानी नाव घेऊन नोकरी करणारी माणसे रविवारी रात्री लसूण खात नसत. दुसऱ्या घरांनी मात्र हट्टाने किमची ठेवली, आणि मुलांना तिखट लागू नये म्हणून ती पाण्यात धुऊन वाढली. एकाच समाजात दोन्ही रिती चालू होत्या, कधी एकाच घरात.

लपवता न येणारा दिवस म्हणजे 'जेसा', पितरांची पूजा. वडील-आजोबांच्या मृत्यूच्या तिथीला आणि सणांना ती होते. ओसाकाच्या आसपासच्या कान्साई भागातले झाइनिची जपानी शब्द वापरून तिला 'होजी'ही म्हणतात. मान थोरल्या मुलाचा आणि काम थोरल्या सुनेचे. दोन दिवस आधीपासून तयारी चालते. मासा अख्खाच हवा. जेजूच्या घरांत तो तांबूस 'ओकदोम' असतो, खारवून सुकवलेला. डुकराचे मांस उकडून कापायचे. कॉड मासा, भोपळा, मांसाच्या चकत्या पिठात आणि अंड्यात बुडवून तव्यावर काढायच्या. पालक, नेच्याचे कोंब आणि मोड आलेले सोयाबीन यांच्या तिळाच्या तेलातल्या भाज्या, तांदळाच्या वड्या, भात, सूप, फळे, दारू. मिरची आणि लसूण मात्र या नैवेद्यात टाळतात. ज्या वासावरून कोरियनांना ओळखायचे तोच पितरांच्या पानावर नसतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. जपानमध्ये या पानात जपानी साके आली, हंगामी जपानी फळे आली, जेजूच्या रीतीप्रमाणे केकही आला. पुरुष वाकून नमस्कार करतात, बायका स्वयंपाकघरात असतात, आणि मग सगळे मिळून जेवतात. अनेक मुलांना आपण कोरियन आहोत हे पहिल्यांदा कळते ते या रात्री. याच व्यवस्थेचा भार बायकांवर पडतो, ही टीका झाइनिची स्त्रियांनीच पुढे मोठ्याने केली, आणि ती खोटी नाही.

इकाइनोला लागून असलेल्या त्सुरुहाशी भागातला बाजार मुख्यतः या नैवेद्यावर जगला. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांमुळे मियुकी-दोरी या रस्त्यावरचे जपानी दुकानदार सोडून गेले आणि गल्लीतला कोरियन बाजार रस्त्यावर आला. 1 फेब्रुवारी 1973 रोजी 'इकाइनो' हे नाव पत्त्यांतून अधिकृतपणे काढून टाकण्यात आले. कोरियन वस्तीचा शिक्का असलेला पत्ता नको, ही त्यामागची भावना होती, असे तिथे आजही म्हटले जाते. कवी किम सी-जोंग यांनी 1978 मध्ये आपल्या संग्रहाला मुद्दाम त्याच नावाचा आधार दिला. बाजारात पितरांचा मासा, वाफवलेले डुक्कर, तांदळाच्या वड्या आणि किमची मिळत राहिली.

दरम्यान उद्योगांनी ताट उचलले होते. 1968 मध्ये एबारा कंपनीने यकिनिकूचा तयार रस बाटलीत आणला, तेव्हा त्यावर 'कोरियन धर्तीचा' असे लिहिलेले होते. 1978 चा तिचा लोकप्रिय फळांचा रस आला तोवर असे काही लिहायची गरज उरली नव्हती. 1975 मध्ये मोमोया कंपनीने घरी किमची करण्यासाठी तयार मसाला काढला. 1980 च्या सुमारास नागोयातल्या एका कंपनीने धूर खालच्या खाली ओढून घेणारी शेगडी आणली. कपड्यांना वास लागेना, तेव्हा ऑफिसातून परतणाऱ्या बायका आणि कुटुंबे निःशंक येऊ लागली. 1988 च्या सोल ऑलिंपिकने कोरियाविषयी कुतूहल वाढवले, आणि एप्रिल 1991 मध्ये गोमांसाच्या आयातीवरचे कोटे उठले. अमेरिकेचे आणि ऑस्ट्रेलियाचे मांस स्वस्त झाल्यावर जपानी भांडवलाच्या साखळ्या उभ्या राहिल्या. 1996 मध्ये टोकियोत सुरू झालेली 'ग्यूकाकू' सर्वांत मोठी. घरगुती खानावळींना ही स्पर्धा जड गेली. त्यात सप्टेंबर 2001 मध्ये जपानमध्ये गायींतला 'मॅड काऊ' रोग सापडला आणि धंदा काही महिने बसला. 2011 मध्ये कच्च्या गोमांसाने माणसे दगावल्यावर नियम कडक झाले आणि जुलै 2012 पासून कच्चे काळीज विकायला बंदी आली. झाइनिची खानावळींचा तो एक खास पदार्थ होता.

2001 मध्येच जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने देशातली शंभर 'सुगंधस्थळे' जाहीर केली. देवळांची उदबत्ती, लॅव्हेंडरची शेते, समुद्रकिनारे यांच्या यादीत त्सुरुहाशी स्थानकाचा परिसरही आहे. कारण मांस भाजण्याचा आणि किमचीचा वास. ज्या वासासाठी एका पिढीने मुलांचे डबे बदलले, त्याला सरकारने आता प्रमाणपत्र दिले. जपानी लोकांच्या नाकात एवढा बदल झाला असेल, तर तो भाजणाऱ्यांच्या मेहनतीने झाला.

यानंतरच्या लाटेत झाइनिचींचा वाटा कमी आणि सोलचा जास्त. 2002 मध्ये दोन्ही देशांनी मिळून फुटबॉल विश्वचषक भरवला, 2003 मध्ये 'विंटर सोनाटा' ही कोरियन मालिका जपानी दूरचित्रवाणीवर गाजली. टोकियोच्या शिन-ओकुबोत 1980 नंतर आलेल्या नव्या कोरियन स्थलांतरितांनी बाजार वसवला. त्यांचे जेवण आजच्या सोलचे आहे. दोन्हींची चव जुळत नाही. झाइनिची किमची सहसा गोडसर आणि सौम्य, नव्यांची तीव्र. सोलला शिकायला गेलेल्या झाइनिची तरुणांना तिथे 'अर्धे जपानी' म्हणून हिणवले जाते, आणि त्यांची ताटाविषयीची खात्रीही तिथेच डळमळते. मात्र यकिनिकूकडे बघून सोलमधले जाणकार आता म्हणतात की ही आमची नाही, आमच्या ओसाकातल्या नातलगांची. ते बरोबर आहे.

चोंग विशिंग यांचे 'यकिनिकू ड्रॅगन' हे नाटक 2008 मध्ये टोकियो आणि सोलमध्ये रंगले. विमानतळाजवळच्या बेकायदा वस्तीतल्या एका खानावळीतले कुटुंब त्यात आहे, 1970 च्या आसपासचे. तशीच वस्ती क्योतोजवळच्या उतोरोतही होती; तिथे 2022 मध्ये शांतता स्मारक संग्रहालय सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्या वस्तीत आग लावली गेली होती. यांग योंग-ही यांच्या 'सूप अँड आयडिऑलॉजी' (2021) या माहितीपटात म्हातारी आई जपानी जावयासाठी अख्ख्या कोंबडीच्या पोटात मूठभर लसूण आणि जिनसेंग भरते आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवते. जावई पुढे ते स्वतः शिकतो. आईचे राजकारण जावयाला पटत नाही. सूप मात्र दोघे एका टेबलाशी बसून पितात.

जुने इकाइनो ज्यात येते त्या ओसाकाच्या इकुनो भागात आज दर पाच रहिवाशांत किमान एक परदेशी आहे. मियुकी-दोरीच्या 'कोरिया टाउन'मध्ये सुट्टीला शाळकरी मुली चीझ लावलेले हॉटडॉग खायला येतात, आणि त्याच रस्त्यावर किमचीच्या जुन्या दुकानांत वजनावर विक्री चालते. 2023 मध्ये तिथे ओसाका कोरिया टाउन संग्रहालय उघडले. त्याच्या दहा वर्षे आधी, फेब्रुवारी 2013 मध्ये, त्सुरुहाशीच्या याच भागात कोरियनांना मारण्याच्या घोषणा देणारा मोर्चा निघाला होता. अशा द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध 2016 मध्ये कायदा झाला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. 1991 च्या कायद्याने झाइनिचींना 'विशेष कायम रहिवासी' हा दर्जा मिळाला. नागरिकत्व घेणाऱ्यांमुळे आणि वयोमानामुळे त्यांची संख्या आता 3 लाखांच्या खाली आली आहे. जपानी नागरिकत्व न घेतलेल्या कोणालाही, चौथ्या पिढीत असूनही, स्थानिक निवडणुकीतसुद्धा मत देता येत नाही.